गॅरंटी आणि वॉरंटी: नक्की फरक काय?

काजळी
मंडळी, प्रश्न शाळकरी वाटेल, पण सध्या त्यावर आमचे काही हजार रुपये अडकलेत.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली. घेतल्याला तीन वर्षं होऊन गेली, चार व्हायची आहेत. कार्डावर ठळक अक्षरांत '६० महिने' आणि त्याखाली अगदी बारीक '३६ + २४'. दुकानदार म्हणतो, "ताई, गॅरंटी संपली, आता तुम्ही वॉरंटीत आहात. बदलून मिळणार नाही, नवीन बॅटरीवर सवलत मिळेल." म्हटलं, वॉरंटी म्हणजे सवलत का? तर म्हणे हो.

आमचे दीर छातीठोकपणे सांगतात की गॅरंटी म्हणजे बदलून देणं आणि वॉरंटी म्हणजे फुकट दुरुस्ती. ऑफिसातली मैत्रीण म्हणते दोन्ही एकच. कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं तर त्यावर गॅरंटी हा शब्दच नाही, सगळीकडे वॉरंटी. मग दुकानदाराने तो आणला कुठून?

तर या दोन शब्दांच्या अर्थांत खरंच फरक आहे का? आणि असेल तर तो ठरवला कुणी? कंपनीने, कायद्याने की दुकानदाराने?

भिडू७
सोप्पंय. गॅरंटी = बदलून किंवा पैसे परत. वॉरंटी = दुरुस्ती. तुमचे दीर बरोबर आहेत. धागा संपला, दिवे मालवा.

चहाबाज
भिडू, धागे असे संपत असते तर आपण सगळे काय करत बसलो असतो?

आमच्या लॅमिंग्टन रोडवर या विषयाचा निकाल केव्हाच लागलाय. "चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक." ना गॅरंटी, ना वॉरंटी, ना पावती.

ओली_भेळ
मला आवडलेला शब्द म्हणजे 'चेकिंग वॉरंटी'. चार्जर घेताना दुकानदार तो बोर्डात लावून दाखवतो, दिवा लागतो, आणि म्हणतो, "ही बघा, चेकिंग वॉरंटी." म्हणजे दुकानाची पायरी उतरेपर्यंत.

निवांत_पाटील
वाचतोय. आमच्याही फ्रिजचं असंच काहीतरी लटकलंय.

तळटीप
भिडू७ यांनी सांगितलेला फरक बाजारात सगळीकडे ऐकू येतो, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतही दिसतो. कायद्यात मात्र तो तसा नाही. पेशाने वकील आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

वस्तूंच्या विक्रीचा आपला कायदा १९३० चा. त्याच्या कलम १२ मध्ये विक्रीच्या करारातल्या कलमांचे दोन प्रकार केलेत, एक 'कंडिशन' आणि दुसरा 'वॉरंटी'. व्यवहाराच्या मूळ हेतूशी जे निगडित ते कंडिशन. ते मोडलं तर खरेदीदार सौदाच मोडू शकतो, माल नाकारू शकतो. वॉरंटी म्हणजे जोडीचं, दुय्यम वचन. ते मोडलं तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करण्याचा हक्क मिळत नाही. म्हणजे कायद्यात वॉरंटीची जोडी गॅरंटीशी नाहीच, कंडिशनशी आहे.

गॅरंटी सापडते ती १८७२ च्या करार कायद्यात, कलम १२६. तिथे तिचा अर्थ पूर्ण वेगळा. तिसऱ्या माणसाने आपलं देणं दिलं नाही, तर ते मी देईन, असा करार. त्यात तीन पक्ष लागतात: देणेकरी, घेणेकरी आणि मधला जामीनदार. बॅटरीच्या व्यवहारात तीन कोण? म्हणून बॅटरीची 'गॅरंटी' ही करार कायद्यातली गॅरंटी नव्हेच.

मग ग्राहकाला वाली कोण? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. आणि गंमत म्हणजे त्यात अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी आहे, तिथे पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या कामगिरीची किंवा टिकाऊपणाची 'वॉरंटी किंवा गॅरंटी' देणं, असे दोन्ही शब्द एका दमात घेतलेत. म्हणजे ग्राहकाच्या बाजूने बघाल तर ऑफिसातल्या मैत्रिणीचंही अगदीच चूक नाही.

थोडक्यात, पाटीवर कुठला शब्द आहे त्याने हक्क ठरत नाही. त्या शब्दाखाली काय देऊ असं लिहिलंय, त्याने ठरतो.

भिडू७
वकीलसाहेब, मान्य, पण सगळा बाजार एक अर्थ घेऊन चालत असेल तर तोच अर्थ ना? शब्दांचे अर्थ लोक ठरवतात, कलमं नाही. आमच्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "गॅरंटी आहे का वॉरंटी?" त्याला बदलून मिळणार का दुरुस्त करून, एवढंच हवं असतं. त्याला कलम १२ सांगू?

तळटीप
त्याला कलम सांगू नका, पण बिलावर 'खराब निघाल्यास बदलून' असं पेनाने लिहून द्या. गॅरंटी एवढंच लिहून दिलंत, तर उद्या वाद झाल्यावर तुम्ही एक अर्थ सांगाल आणि तो दुसरा. बाजारातला अर्थ सगळीकडे एकच आहे असं तुम्ही म्हणता, पण या धाग्यातल्या दुकानदाराने वॉरंटीचा अर्थ सवलत केला, दुरुस्ती नाही. म्हणजे दोन दुकानांत दोन अर्थ झाले की.

कोपरखळी
वकिलाने 'थोडक्यात' म्हटल्यावर खरोखरच थोडक्यात सांगितलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

बॅटरीवाला
काजळीताई, माझं बॅटऱ्यांचंच दुकान आहे, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. तुमच्या दुकानदाराने फसवलेलं नाही, फक्त समजावून सांगितलं नाही.

३६ + २४ म्हणजे पहिले ३६ महिने कंपनी बॅटरी फुकट बदलून देणार. आमच्या लाइनीत त्याला सगळे गॅरंटी म्हणतात, कंपनीचा माणूससुद्धा. पुढचे २४ महिने 'प्रो-राटा'. म्हणजे बॅटरी जितकी वापरून झाली तितकी तुमची, उरलेल्या आयुष्याच्या हिशोबाने नव्या बॅटरीवर सूट. महिने जातील तशी सूट घटत जाते. आम्ही त्याला वॉरंटी म्हणतो. बॅटरीत दुरुस्ती हा प्रकारच नसतो. आतल्या प्लेटा गेल्या की गेल्या, त्यामुळे तुमच्या दिरांची व्याख्या इथे लागूच होत नाही.

आता खरी मेख. ही सूट छापील किमतीवर धरतात आणि बॅटरी छापील किमतीला कुणीच विकत घेत नाही, बाजारात ती बरीच खाली मिळते. शिवाय प्रो-राटात जुनी बॅटरी कंपनीकडे जमा करावी लागते. तिच्यात शिसं असतं, भंगारात चांगले पैसे येतात, ते तुमचे गेले. म्हणून दोन्ही हिशोब मांडून बघा: एकीकडे प्रो-राटा सूट, दुसरीकडे बाजारभाव वजा जुन्या बॅटरीचं भंगार. चौथं वर्ष संपत आलं असेल तर कित्येकदा दुसराच स्वस्त पडतो. आम्ही गिऱ्हाइकाला दोन्ही सांगतो. काही जण सांगत नाहीत.

आणि बॅटरीवरचा सिरियल नंबर आणि कार्डावरचा जुळतो का पाहा. विकल्याची तारीख दुकानदाराने टाकलीय ना? शिक्का आहे ना? तारीख नसेल तर कंपनी कारखान्यातून निघाल्याची तारीख धरते आणि तुमचे गोदामातले महिने फुकट जातात.

काजळी
बॅटरीवाले दादा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. तारीख आहे, शिक्का अर्धा उमटलाय. उद्या जाऊन दोन्ही भाव विचारते.

ओली_भेळ
यावरून आमच्या फ्रिजची कथा. कंप्रेसरवर १० वर्षं, असं दारावर भलंमोठं स्टिकर. सहाव्या वर्षी कंप्रेसर गेला. आम्ही खुशीत. मग माणूस आला. कंप्रेसर फुकट, गॅस भरायचे वेगळे, मजुरी वेगळी, येण्याजाण्याचे वेगळे, त्यावर जीएसटी. शेवटी नवरा म्हणाला, कंप्रेसरचे पैसे घ्या पण बाकीचं फुकट करा.

निवांत_पाटील
हेच! हेच लटकलंय आमचं. सगळ्या फ्रिजची वॉरंटी एका वर्षाची आणि दहा वर्षं फक्त त्या एका भागाची. स्टिकरवर दहाचा आकडा केवढा आणि एकचा केवढा!

दुसरीबाजू
इतका वेळ गप्प होते, पण शब्दांच्या धाग्यात शब्दांच्या मुळाबद्दल कुणीच बोलत नाही हे बघवेना. अवांतर वाटल्यास ओलांडून जा.

हे दोन शब्द मुळात एकच आहेत. मूळ जर्मॅनिक, अर्थ रक्षण करणारा, पाठीशी उभा राहणारा. जुन्या फ्रेंचमध्ये हे जर्मॅनिक शब्द शिरले तेव्हा उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीत सुरुवातीचा 'व' टिकला, पॅरिसकडच्या बोलीत त्याचा 'ग्व' आणि मग 'ग' झाला. नॉर्मन लोक १०६६ मध्ये इंग्लंडवर चालून गेले ते 'व'चे शब्द घेऊन. 'ग'चे शब्द पुढे मध्य फ्रान्सच्या फ्रेंचमधून आले. त्यामुळे इंग्रजीत एकाच मुळाच्या जोड्या सापडतात: वॉर्ड आणि गार्ड, वॉर्डन आणि गार्डियन. फ्रेंच गियोम आणि इंग्रजी विल्यम हेही त्यातलेच. वॉरंटी आधीची, गॅरंटी बरीच उशिरा, सतराव्या शतकात, फ्रेंच किंवा स्पॅनिश वळणाने आलेली.

एका अर्थाचे दोन शब्द एका भाषेत नांदायला लागले की ते हळूहळू कामं वाटून घेतात. इंग्रजी कायद्यात वॉरंटीने वस्तूची बाजू घेतली आणि गॅरंटीने माणसाच्या देण्याची. बाजाराने त्यांना आणखी वेगळी कामं दिली. म्हणून भिडू७ आणि तळटीप दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत असं मला वाटतं. बाजार अजून वाटणी करतोय, कायद्याची करून झालीय, एवढंच.

भिडू७
दुसरीबाजू ताई, तुम्ही मला अर्धं का होईना बरोबर म्हणालात. आजचा दिवस सार्थकी लागला.

चहाबाज
मग पोलिसांचं वॉरंटही याच घरातलं का? म्हणजे मिक्सर आणि मामा एकाच गोत्रातले?

दुसरीबाजू
हो, वॉरंटसुद्धा. अधिकार देणारा, पाठबळ देणारा कागद. तुमच्या मिक्सरला पाठबळ कंपनीचं, मामांना कोर्टाचं.

कृष्णाकाठ
वकीलसाहेबांनी जामीनदाराचा विषय काढला आणि माझ्या जखमेवरची खपली निघाली. सांगतोच.

आमच्याकडं पतसंस्थेत कर्ज काढायचं म्हणजे दोन जामीनदार. संध्याकाळी पारावर बसलं की कोण ना कोण फॉर्म घेऊन येणार: "दादा, नुसती सही पायजे. कर्ज मी फेडतोय, तुमचा काय संबंध?" मी सोसायटीत नोकरीला, पगार कापता येतो, म्हणून माझ्या सहीला भाव. भावकीतल्या एकाला केली सही. त्यानं ट्रॅक्टर घेतला, दोन हप्ते भरले, ट्रॅक्टर विकला आणि पुण्याला गेला. नोटीस माझ्या नावानं.

म्या संस्थेत जाऊन भांडलो. म्हटलं, आधी त्याला धरा, त्याच्याकडून नाही वसूल झालं तर माझ्याकडं या. तर मॅनेजर शांतपणे म्हणला, तसा नियम नाय. आम्हाला जो आधी सापडंल त्याच्याकडून घेणार. पुढं १०१ चा दाखला निघाला आणि माझ्या पगारातनं कपात सुरू. ज्यानं कर्ज घेतलं तो गणपतीत गावाला येतो तवा माझ्याच घरी मोदक खातो.

गॅरंटी म्हणजे काय ते मला विचारा. बॅटरीची असली काय, नसली काय.

तळटीप
कृष्णाकाठ, वाईट वाटलं, पण मॅनेजर कायद्याने बरोबर होता. करार कायद्याचं कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या बरोबरीची. करारात वेगळं ठरलं नसेल तर संस्थेने आधी कर्जदारामागे लागलंच पाहिजे असं बंधन नाही. तुम्ही म्हणता तो १०१ चा दाखला म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम १०१. दिवाणी दावा न लावता वसुलीचा रस्ता.

पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. जामीनदाराने देणं चुकतं केलं की कलम १४० प्रमाणे धनकोचे कर्जदाराविरुद्धचे सगळे हक्क जामीनदाराकडे येतात. म्हणजे जेवढे तुम्ही भरलेत तेवढे त्या भावकीतल्या माणसाकडून तुम्ही वसूल करू शकता. पगारपत्रकं आणि संस्थेचा भरणा उतारा सांभाळून ठेवा. मुदतीचा प्रश्न असतो, तेव्हा गावातल्या वकिलाला लवकर दाखवा.

आणि आणखी एक: आपल्याकडे ही गॅरंटी तोंडीसुद्धा चालते. कलम १२६ मध्येच 'तोंडी किंवा लेखी' असं म्हटलंय. इंग्लंडात १६७७ पासून ती लेखी लागते.

कोपरखळी
म्हणजे पारावर चहा पिताना "घे रे, मी आहे ना" म्हणणंसुद्धा धोक्याचं?

कृष्णाकाठ
चहा पाजणं पण धोक्याचं.

ओली_भेळ
मग मराठीतली 'हमी' कुठली? रोजगार हमी, हमीभाव. त्या गॅरंट्या की वॉरंट्या?

निवांत_पाटील
रोजगार हमी ही खरीखुरी हमी. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू. केंद्राने २००५ मध्ये आणलेल्या कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. त्यात काम मागितल्यावर मुदतीत दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असं लिहिलेलं आहे. म्हणजे वचन मोडलं तर काय, याचं उत्तर कायद्यात आहे. ते किती वेळा पाळलं गेलं, तो निराळा धागा.

हमीभावाची मात्र मजा आहे. इंग्रजीत त्याचं नाव 'किमान आधार किंमत', त्यात गॅरंटी शब्द नाहीच. हमी आपण मराठीत घातली. सरकार भाव जाहीर करतं, पण व्यापाऱ्याने त्याखाली माल घेऊ नये असं बंधन घालणारा केंद्राचा कायदा नाही. दिल्लीच्या वेशीवर २०२०-२१ मध्ये शेतकरी बसले होते तेव्हा त्यांची एक मागणी हीच होती, हमीभावाला कायद्याची हमी द्या. हमीला हमी! याहून चांगलं उदाहरण काय देणार?

उलट उसाचं बघा. एफआरपीच्या नावात हमी नाही, रास्त आणि किफायतशीर दर एवढंच. पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस नेल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज. नाव साधं, पण दात आहेत.

कृष्णाकाठ
पाटील, दात हायत, पण ते व्याज पदरात पाडून घ्यायला पुन्हा मोर्चाच काढावा लागतोय. तरी हमीभावापेक्षा बरं, आयुक्ताकडं बोट तरी दाखवता येतं.

भिडू७
बॅटरीवरून उसावर. मराठी धाग्याची परंपरा अबाधित आहे.

म्युनिकची_मावशी
इकडे जर्मनीत हाच घोळ आहे, फक्त शब्द लांब. 'गेवेअरलाइस्टुंग' आणि 'गारांटी'. पहिली कायद्याने येते, ती विकणाऱ्याची जबाबदारी, नव्या वस्तूवर दोन वर्षं. दुसरी कंपनी स्वखुशीने देते, तिच्या अटी तीच ठरवते. जर्मन लोकही सर्रास दोन्हींना गारांटी म्हणतात आणि दुकानदार त्याचा फायदा घेतात.

आमचं वॉशिंग मशीन दीड वर्षात बिघडलं, तर दुकानात म्हणाले, कंपनीची गारांटी एका वर्षाचीच होती, संपली. मी लांबलचक शब्द उच्चारला. त्यांचा चेहरा बदलला. पण एक मेख इथेही आहे. पहिल्या वर्षात बिघाड झाला तर तो मुळातलाच होता असं कायदा धरून चालतो. २०२२ पूर्वी ही सवलत सहाच महिने होती. पहिलं वर्ष उलटलं की दोष मुळातलाच होता हे तुम्ही सिद्ध करायचं. दीड वर्षाच्या मशीनचं ते मी कसं करणार? शेवटी त्यांनी निम्म्या पैशात दुरुस्ती करून दिली.

आपल्याकडे असा फरक आहे का हो तळटीप? कायद्याची वेगळी आणि कंपनीची वेगळी?

तळटीप
थोडाफार आहे. १९३० च्या कायद्यातच कलम १६ खाली काही अध्याहृत कंडिशन आहेत. माल विकण्याजोग्या दर्जाचा हवा, आणि ज्या कामासाठी घेतोय ते दुकानदाराला सांगितलं असेल तर त्या कामाला उपयोगी हवा. पण महिन्यांचा आकडा नाही, तुमच्याकडे दोन वर्षं आहेत तसा. म्हणून इथे सगळे कार्डाला चिकटून बसतात.

आणि कार्ड कंपनीवरही उलटतं. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं नवं प्रकरण आहे. वस्तू कंपनीने दिलेल्या स्पष्ट वॉरंटीप्रमाणे नसेल आणि त्यातून इजा किंवा नुकसान झालं, तर कंपनी जबाबदार. वॉरंटी देताना आमच्याकडून निष्काळजीपणा झाला नव्हता हे तिने सिद्ध केलं तरी सुटका नाही. मात्र हे प्रकरण वस्तूमुळे दुसऱ्या कशाला किंवा कुणाला इजा झाली तर. नुसती बॅटरी बसली त्याला ते लागू नाही.

पॉलिसीपुराण
विमा व्यवसायातला आहे, म्हणून काडी टाकतो. वर तळटीप म्हणाले वॉरंटी दुय्यम असते, मोडली तर फक्त भरपाई. आमच्याकडे बरोब्बर उलटं! सागरी विमा कायदा, १९६३, कलम ३५. विमेदाराने दिलेली वॉरंटी तंतोतंत पाळलीच पाहिजे, मग ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. मोडली तर त्या क्षणापासून विमा कंपनी मोकळी. म्हणजे मिक्सरवाल्याची वॉरंटी मऊ आणि जहाजवाल्याची वॉरंटी लोखंडी. शब्द तोच.

तळटीप
पॉलिसीपुराण, अगदी बरोबर. मुद्दाम टाळलं होतं, आधीच लोक वैतागलेत म्हणून.

भिडू७
म्हणजे एका शब्दाचे कायद्यातच दोन उलटे अर्थ, आणि आमच्या हार्डवेअरच्या दुकानाला बोल लावताय?

चहाबाज
भिडू, तुझं दुकान जिंकलं. पार्टी कधी?

लेकव्ह्यू_शिकागो
अमेरिकेत १९७५ चा एक केंद्रीय कायदा आहे वॉरंटीबद्दल. लेखी वॉरंटी दिलीत तर ती 'फुल' की 'लिमिटेड' ते शीर्षकातच लिहावं लागतं. परिणाम काय झाला? सगळ्यांनी 'लिमिटेड' लिहायला सुरुवात केली. इथे फुल वॉरंटी बघायला मिळणं म्हणजे नशीब.

संपादक मंडळ
धागा रोचक चालला आहे, पण ऊस आणि जामीनदारी यांवर वेगळे धागे काढावेत ही विनंती. धागाकर्तीच्या प्रश्नाकडे वळू या.

काजळी
वळू या म्हणजे मीच वळते. दुकानात जाऊन आले.

बॅटरीवाले दादांनी सांगितलं तसे दोन्ही भाव कागदावर मागितले. आधी तो म्हणाला, प्रो-राटाच घ्या, फायद्याचं आहे. म्हटलं, लिहून द्या. लिहायला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं. छापील किमतीतून प्रो-राटा सूट वजा केल्यावर जो आकडा आला, त्यापेक्षा बाजारभाव वजा भंगार हा थोडा कमीच निघाला. फार नाही, पण कमीच. शिवाय दुसऱ्या रस्त्याने घेतली तर नवं कार्ड कोरं, ६० महिने पुन्हा पहिल्यापासून. प्रो-राटात म्हणे जुन्याच कार्डाचे उरलेले महिने चालू राहतात. दादा, हे खरं का?

बॅटरीवाला
कंपनीप्रमाणे बदलतं ताई. फुकट बदलून दिलेल्या बॅटरीवर जुन्याच कार्डाची उरलेली मुदत चालते, हे बहुतेकांचं सारखं. प्रो-राटात काही कंपन्या नवं कार्ड देतात, काही देत नाहीत. कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं. तुमच्याकडे ते नसेल देत तर विचारच करू नका, भंगारात द्या आणि नवी घ्या.

काजळी
तेच केलं. आता तळटीप, तुम्हाला एक प्रश्न. ६० महिने मोठं आणि ३६ + २४ बारीक, ही फसवणूक नाही का? तक्रार करता येईल?

तळटीप
करता येईल. पण मी तुमचा वकील असतो तर बॅटरीच्या भरपाईसाठी ग्राहक आयोगात जाऊ नका म्हणालो असतो, कारण विभागणी कार्डावर छापलेली आहे आणि ती तुम्ही घेतानाच तुमच्या हातात होती. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून बोलायचं तर मुद्दा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, फुकट आहे.

इतरांसाठी म्हणून सांगतो, जिथे खरंच कार्डात लिहिलेलं नाकारलंय तिथे जिल्हा आयोगात जायला घाबरू नका. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा. निवांत पाटील, तुमच्या फ्रिजचं कार्ड नीट वाचा, त्यात मजुरी आणि गॅस वगळलेत का ते पाहा. वगळल्याचं लिहिलेलं नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

निवांत_पाटील
कार्ड सापडलं तर वाचेन ना!

पॉलिसीपुराण
घराचं कुणी विचारलं नाही. नव्या फ्लॅटच्या भिंतीतून पाणी येतंय आणि बिल्डर म्हणतो, आम्ही कसली गॅरंटी दिलीच नव्हती.

तळटीप
त्याने देवो न देवो. रेरा कायद्याचं कलम १४: ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष दाखवून दिलात तर बिल्डरने ३० दिवसांत, पैसे न घेता, दुरुस्त करून द्यायचा. कायद्यात याला ना गॅरंटी म्हटलंय ना वॉरंटी. आधी लेखी कळवा, तारखेसकट.

ओली_भेळ
आणि 'लाइफटाइम वॉरंटी'? आमच्या कुकरवर आहे. कुणाचं लाइफ? माझं, कुकरचं की कंपनीचं?

कोपरखळी
तिघांपैकी जे आधी संपेल ते.

बॅटरीवाला
हसू नका, साधारण तसंच असतं. 'प्रॉडक्टचं लाइफ' असं लिहितात आणि ते किती, ते कंपनी ठरवते. मॉडेल बंद झालं की लाइफ संपलं, असंही ऐकलंय.

निवांत पाटील, कार्ड हरवलं असेल तर बिल शोधा. सिरियल नंबर असलेलं बिल असलं तर पुष्कळदा काम होतं. आणि सगळ्यांना सांगतो, हल्ली दुकानातून मिळतात त्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात. घरी आल्या आल्या मोबाइलवर फोटो काढा.

निवांत_पाटील
बिल सापडलं. कोरं आहे.

चहाबाज
पाटील, उन्हात तिरपं धरून बघा, कधी कधी अक्षरं दिसतात. नाही दिसली तर कार्डाने पैसे भरले होतेत का? बँकेच्या उताऱ्यात दुकानाचं नाव आणि तारीख असेल, ते घेऊन त्याच दुकानात जा आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरून दुसरी प्रत मागा. माझ्या टीव्हीच्या वेळी मिळाली होती.